मल्हारीचा पाव्हणा

मित्रांनो, मी एक जुना नंबॅट आहे. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मी जिथला आहे, तिथल्याही पुष्कळ मुलांनी मला कधी पाहिलेलं नाही. मी ऑस्ट्रेलियातला, कांगारूच्या गोतातला एक लहान प्राणी. खारीपेक्षा मोठा, मुंगसापेक्षा लहान. तांबूस अंग, पाठीवर आडवे पांढरे पट्टे, डोळ्यावरून गेलेली एक काळी रेघ आणि फुललेली शेपटी. मात्र मला जिवंत समजू नका. माझ्या पोटात भुसा आणि कापूस आहे, माझे डोळे काचेचे आहेत, आणि गेली बावीस वर्षं मी दौंड तालुक्यात, वरवंडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत काचेच्या पेटीत उभा आहे.

माझा जन्म एका पडलेल्या झाडाच्या पोकळ बुंध्यात झाला. कांगारूच्या जातीतल्या आयांना पोटाला पिशवी असते, असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. माझ्या आईला ती नव्हती. आम्ही चार भावंडं तिच्या पोटावरच्या केसांत तोंड खुपसून लोंबकळत वाढलो. मोठे झाल्यावर आम्ही वाळवी खायचो. दुसरं काही नाहीच. लांब, चिकट जीभ बिळात घालायची आणि वाळवी ओढून घ्यायची. दिवसाला हजारो लागत. मग एका वर्षी गव्हाच्या शेतांसाठी ते रान तोडलं. पोकळ ओंडके गोळा करून पेटवले. आम्हाला पळायचं ठाऊक नव्हतं, भीती वाटली की ओंडक्यात शिरायचं एवढंच ठाऊक होतं. मी शिरलो आणि धुराने गुदमरून मेलो.

जाळ माझ्यापर्यंत पोचला नव्हता. तोडीवरच्या एका माणसाने मला बाहेर काढलं. मेलेल्या प्राण्यांत भुसा भरून ते उभे करायचा त्याला छंद होता. त्याने माझं कातडं सोलून त्याला आतून सोमल लावला. सोमल म्हणजे विष. त्याने कातड्याला कीड लागत नाही. त्या माणसाची मुलगी पुढे नर्स झाली आणि आपल्या वडिलांची आठवण म्हणून मला ट्रंकेत घालून केडगावला घेऊन आली. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात तिने म्हातारपणापर्यंत काम केलं. परत जायची वेळ आली तेव्हा तिची जुनी पुस्तकं शाळेसाठी न्यायला इथले इनुस सर आले होते. तिने पुस्तकांवर मला ठेवलं आणि म्हणाली, "हा प्राणी लई थोडा राहिला, सर. मुलांना दाखवा."

अशा रीतीने मी शाळेत आलो.

इनुस सर विज्ञान शिकवत. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. केडगावहून मोटारसायकलवर येत. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक कपाट एवढंच होतं. सरांनी वरवंडच्या सुताराकडून माझ्यासाठी सागाची पेटी करून घेतली, तिला पुढून काच बसवली आणि मला खिडकीशेजारी ठेवलं. खिडकीतून पोपटआप्पांचा कांदा दिसतो. पोपटआप्पा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेभोवतालची बहुतेक जमीन त्यांचीच.

दर जानेवारीत सर आठवीच्या वर्गाला एक तास घेत. त्या तासाची मी वर्षभर वाट पाहत असे. टेबलावर एका बाजूला मला ठेवत आणि दुसऱ्या बाजूला पोपटआप्पांच्या शेतातून उपटून आणलेलं कांद्याचं ताजं रोप. सर पात अलगद उकलून तिच्या बेचक्यात भिंग धरत. आत पिवळट, सुईच्या टोकाएवढे फुलकिडे पळताना दिसत. ते पात खरवडतात आणि रस पितात. पातीवर पांढरे चट्टे पडतात, पात वाकडी होते.

सर फळ्यावर मधोमध रेघ मारत. डावीकडे मी, उजवीकडे फुलकिडा. मला वर्षाला चार पिल्लं, त्याची दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी. मी साऱ्या जगात फार तर एक-दोन हजार उरलेला, तो एकट्या पोपटआप्पांच्या एका वाफ्यात त्याहून जास्त. शेवटी सर विचारत, "यातलं कोण मेलं तर जगाचं नुकसान होईल?"

"पाहुणा!" पोरं ओरडत. मला सगळे पाहुणाच म्हणत.

"आणि फुलकिडा?"

"त्यो मेलाच पायजे, सर!"

सगळा वर्ग हसे. सर म्हणत, "जे थोडं उरलंय, ते जपायचं. लक्षात ठेवा." खरं सांगतो, मित्रांनो, तेव्हा माझी मान ताठ आहे याचा मला फार अभिमान वाटे.

दारात उभा असलेला मल्हारीही हसायचा. "सर, म्या रविवारी लाखभर मारून येतो की!" म्हणायचा.

मल्हारी शाळेचा शिपाई. सरांचाच जुना विद्यार्थी, आठवीतून शाळा सुटलेला. नेमणूक तात्पुरती होती आणि बारा वर्षं ती तात्पुरतीच राहिली. तो घंटा द्यायचा, पाणी भरायचा, आणि रविवारी पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात औषध मारायला जायचा. मला पाहुणा हे नाव त्यानेच दिलं होतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो माझी पेटी उघडायचा. मऊ कुंचल्याने पाठ झाडायचा, ओल्या फडक्याने डोळे पुसायचा आणि बोलायचा. "काय पाव्हणं, कसं हायसा? आठवडाभर कुणी तरास न्हाई ना दिला?" मला माहीत असलेली सगळी गावाकडची मराठी मी त्याच्याकडून शिकलो. त्याच्या शेळीला करडं झाली ते मला त्यानेच सांगितलं. त्याच्या बायकोला, सरूबाईला, लग्नात घातलेलं जोडवं विहिरीत पडलं आणि चार दिवसांनी गाळात सापडलं, तेही सांगितलं.

मला पुसताना तो कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे घालायचा. सरांचा तसा कडक नियम होता. "मल्हारी, याच्या कातड्याला सोमल आहे. इतक्या वर्षांत केसांवाटे बाहेर येतो तो. उघड्या हाताने शिवायचं नाही." हातमोजे सरांनी खास पुण्याहून आणले होते. काम झालं की मल्हारी ते धुऊन माझ्या पेटीशेजारच्या खिळ्याला अडकवायचा.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारी महिन्यात, दौंडहून एक वार्ताहर आला. दुर्मीळ प्राणी खेड्यातल्या शाळेत आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पोपटआप्पा फेटा बांधून आले, सरांना खुर्ची दिली, मला अंगणात उजेडात नेलं. माझा फोटो काढताना मल्हारीने मला पेटीतून काढून पायाखालच्या फळीला धरून उचललं होतं. बातमी मोठी आली. चार रकान्यांचा फोटो, त्यात फक्त मी. मल्हारीचा चेहरा कापलेला, खाली रबरी हातमोजे घातलेले दोन हात तेवढे राहिले. सरांनी ते कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलं. मल्हारी ते बघून खूश झाला. "आलो की पेपरात! अर्धा का हुईना."

त्यानंतरच्या शनिवारी त्याने मला पुसलं, हातमोजे धुतले आणि ते हातात धरून तो सरांच्या टेबलापाशी उभा राहिला. सर उत्तरपत्रिका तपासत होते.

"सर, एक इचारू का?"

"विचार की."

"ह्ये हातमोजं उद्याच्याला नेऊ का? आप्पांचा तीन एकर कांदा मारायचाय. आवंदा किडं हटंनात, म्हणून दोन-दोन औषधं येका जागी कालवत्यात. लई उग्र हाय. मागच्या बारीला हाताची सालपटं निघाली."

सरांनी मान वर केली नाही. "अरे, शेतात फाटतील ते. असे इथं मिळत नाहीत. मग पाहुण्याला पुसशील कशाने? हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांध एखादी."

"व्हय व्हय," मल्हारी लगेच म्हणाला. "तसंच करतो."

त्याने हातमोजे खिळ्याला अडकवले, खिडकी लावली आणि तो गेला. ते हातमोजे शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर लटकत होते. मला डोळे मिटता येत नाहीत.

रविवारचं अर्धं मी पाहिलं आणि अर्धं ऐकलं. खिडकीच्या काचेतून मल्हारी दिसत होता. सकाळी हाताला पिशव्या बांधल्या होत्या. थोड्या वेळाने त्या सुटल्या, त्याने त्या बांधावर टाकल्या. बादलीत औषध ओतून तो कोपरापर्यंत उघडा हात घालून ढवळत होता. पंप जुना होता, गळत होता. पाठीवरचा शर्ट ओला झाला होता. दुपारी वारा उलटा फिरला तरी तो थांबला नाही, कारण सांजेच्या आत तीन एकर पुरे करायचे होते. मी ओरडू शकत नव्हतो. आणि खरं सांगायचं तर ओरडावं हे मला त्या वेळी सुचलंही नव्हतं. मी फुलकिडे मोजत होतो. आज किती मेले असतील, असा विचार करत होतो.

पुढचं सोमवारी त्याचा भाऊ सर्जेराव सरांना सांगत होता, ते मी ऐकलं. मल्हारी चारच्या सुमाराला घरी गेला. डोकं जड झालंय म्हणाला. सरूबाईने चहा दिला, तो त्याने लगेच ओकून टाकला. "दिवसभर उन्हात हुता, पड जरा," सगळे म्हणाले. तो त्याच ओल्या शर्टावर आडवा झाला. तासाभराने तोंडातून लाळ गळायला लागली, अंगाला घामाच्या धारा, पायाचे स्नायू उडायला लागले. जीप मिळवून हायवेवरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "औषध कुठलं होतं? बाटली आणलीय का?"

बाटली कुणीच आणली नव्हती. बाटल्या पोपटआप्पांच्या बांधावर पडल्या होत्या. आप्पा सोयऱ्याच्या लग्नाला गेले होते, फोन उचलत नव्हते. डॉक्टरांनी सुई दिली आणि पुण्याला न्यायला सांगितलं.

"कासुर्डीच्या म्होरं गेलो न्हाई, सर," सर्जेराव म्हणाला. "वहिनी म्हणत हुती, श्वास घ्या, श्वास घ्या. कासुर्डीतच थांबला त्यो."

सर खुर्चीवर बसले. त्यांची नजर खिळ्याकडे गेली आणि तिथून हललीच नाही.

शाळेत शोकसभा झाली. पोरं दोन मिनिटं उभी राहिली. पोपटआप्पा म्हणाले, "माणूस गुणाचा होता. पण बिडी वडायचा. छातीचंच काहीतरी असंल." सरांनीही ते खोडलं नाही. पेपरात बातमी आली ती आतल्या पानावर, तीन ओळींची. फवारणी करताना मजुराचा मृत्यू. नाव मल्हारीऐवजी मल्हार छापलं होतं.

तेराव्यानंतर सरूबाई शाळेत आली. पदर डोक्यावर, पायात काही नाही. दाराशीच उभी राहिली.

"या, सरूबाई. बसा," सर उठून म्हणाले.

"बसत न्हाई, सर. येक काम हुतं. त्यांचा फोटू भिंतीला लावायचाय. घरात लग्नातलाच हाय, त्यो पाण्यात भिजलेला. शाळंत एखादा आसंल म्हणून आले."

सरांनी कपाट उघडलं, टेबलाचे खण पाहिले. पंधरा ऑगस्टचे, स्नेहसंमेलनाचे फोटो काढले. मुलं होती, पाहुणे होते, पोपटआप्पा होते. मल्हारी एकातही नव्हता. सगळे फोटो त्याच वेळी काढलेले, जेव्हा तो पाणी भरत होता, सतरंज्या अंथरत होता किंवा खुर्च्या लावत होता. सरूबाईची नजर कपाटाच्या दारावरच्या कात्रणावर पडली. ती जवळ गेली.

"ह्ये त्यांचं हात हायती," ती म्हणाली.

"हो."

"चेहरा दिसंना, पर हात त्यांचंच. धरायची रीत ठावं हाय मला." तिने कागदावर बोट ठेवलं. "हातात काय घातलंय ह्ये?"

सर म्हणाले, "हातमोजे."

"कशापाई?"

"त्या प्राण्याच्या कातड्याला विष असतं. हाताला लागू नये म्हणून."

सरूबाई माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच पाहिलं. मग ती सरांना म्हणाली, "मंग औषध मारताना का न्हाई घातलं?"

सर खोटं बोलू शकले असते. शनिवारी त्या खोलीत सर, मल्हारी आणि मी एवढेच होतो. एक मेला होता आणि एकाला बोलता येत नव्हतं. सरांनी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, "त्याने मागितले होते. आदल्या दिवशी. मी नाही म्हणालो. फाटतील म्हणून."

बाहेर पोरांचा पाढा चालू होता.

"मागितलं हुतं व्हय त्यांनी," सरूबाई हळूच म्हणाली. "मला न्हाई बोललं."

"सरूबाई, माझं चुकलं."

"ह्या मेलेल्या जनावरासाठी ठिवलं तुमी ते. व्हय ना?"

सरांनी मानेनेच हो म्हटलं.

ती रडली नाही. "कातरी हाय का?" तिने विचारलं. सरांनी खणातून कात्री दिली. तिने कात्रण दारावरून सावकाश सोडवलं, टेबलावर पसरलं आणि खालचे दोन हात तेवढे नीट कापून घेतले. माझा फोटो तिने सरांपुढे सरकवला. "तुमचं जनावर तुमास्नी ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि ते दोन हात पदराच्या गाठीला बांधून निघून गेली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला दोनदा जाळात सापडल्यासारखं झालं. एकदा त्या ओंडक्यात, आणि एकदा त्या दुपारी, या थंडगार पेटीत.

पुढच्या जानेवारीत सरांनी तो तास घेतला. टेबलावर मला ठेवलं, कांद्याचं रोप ठेवलं, फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि खडू हातात धरून तसेच उभे राहिले. पुढच्या बाकावर शायना नावाची एक मुलगी होती. थोरल्या बहिणीने तिला हा तास आधीच सांगून ठेवला असावा. ती म्हणाली, "सर, आता तुमी इचारणार ना, कोण मेलं तर नुकसान हुईल?"

"नाही," सर म्हणाले. "तो प्रश्न मी वीस वर्षं चुकीचा विचारला. थोडे उरलेत तेवढेच जपायचे, असं मी तुमच्या भावंडांना शिकवलं. मीही तेच शिकलो. त्यामुळे जी माणसं पुष्कळ आहेत, रोज समोर आहेत, त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नाही." मग त्यांनी मल्हारीचं सगळं सांगितलं. हातमोज्यांचंही. शेवटी फळ्यावर, माझ्याही नाही आणि किड्याच्याही नाही अशा जागी, त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

पोरांनी ते घरी सांगितलं. त्याच आठवड्यात पोपटआप्पा आले. "सर, शाळा शिकवा. आमच्या शेतात कशाला शिरता?" एवढंच म्हणाले, आवाज न चढवता. जूनमध्ये सरांची संस्थेच्या शिरूरकडच्या शाळेत बदली झाली. जायच्या दिवशी ते माझ्या पेटीपुढे उभे राहिले. मला बरोबर नेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नेलं नाही. मला त्याचा राग नाही. माझ्याकडे बघवत नसेल त्यांना.

आता त्या खोलीत मोडकी बाकं ठेवतात. पेटीची मागची फळी सुटलीय. सोमल पुरता विरला असावा, कारण बारीक किडे आत शिरलेत आणि माझा डावा कान गळून पडलाय. पाठीवरचे पट्टे केसांबरोबर झडताहेत. शनिवारी कुणी येत नाही. नवा शिपाई आहे, तो मला भितो.

सरूबाई त्याच कांद्यात खुरपायला जाते. मला ती दिसते. रविवारी आता दुसराच एक माणूस पंप घेऊन येतो. चोवीस-पंचवीसचा असेल. नाव मला माहीत नाही. त्याचेही हात उघडेच असतात आणि तोही बादलीत कोपरापर्यंत हात घालतो. एकदा सरूबाई खुरपं टाकून त्याच्याकडे गेली आणि हातवारे करून काही सांगू लागली. तो हसला. तिने त्याच्या हातातली बादली ओढली. मग मुकादम आला, तिला परत ओळीत बसवलं. तो माणूस पुन्हा ढवळायला लागला.

मित्रांनो, मी भुशाने भरलेला एक मेलेला प्राणी आहे, माझी आता काळजी करू नका. पण तुमच्या घरातलं कुणी औषध मारायला जात असेल, तर त्याला तोंड बांधायला लावा, हात झाकायला लावा. तो घरी आला की आधी त्याचे कपडे उतरवा, साबणाने अंघोळ घाला. डोकं दुखतंय म्हणाला तर पड जरा म्हणू नका, शेतातली बाटली घ्या आणि त्याच घटकेला दवाखाना गाठा. तो तुम्हाला नाही म्हणेल, हसेल, काही होत नाही म्हणेल. ऐकू नका त्याचं. शेतात पंप मारणारे पुष्कळ दिसतात. तुमच्या घरात मात्र तो एकच आहे.